वाचकांचे प्रश्न : पणजीच्या जुन्या वस्तीत उतरायचंय, पण आईला जमेल का?

ठाण्याहून एक वाचक लिहितात :

नमस्कार ताई, यंदा जानेवारीत गोव्याला जायचं ठरतंय. मी, मिस्टर, आठवीतला मुलगा आणि माझी आई. आईचं वय ७१, गुडघे दुखतात. आम्ही दरवेळी कळंगुटला उतरतो आणि दरवेळी तेच होतं, आईला पाण्यात जायचं नसतं मग ती दिवसभर रूमवर टीव्ही बघत बसते आणि मला वाईट वाटत राहतं. पणजीतल्या त्या रंगीत घरांच्या गल्ल्यांमधली छोटी हॉटेलं ऑनलाइन बघितली, जुन्या पोर्तुगीज घरातली, मोजक्याच खोल्यांची, खूप आवडली. मिस्टर म्हणतात फोटोवर जाऊ नकोस, लिफ्ट नसणार, गाडी कुठे लावायची, त्याच पैशात स्विमिंग पूलवालं मिळतंय. कोणाचं ऐकू? आणि रूम घेताना नक्की काय बघायचं असतं?

उत्तर :

लिफ्ट आणि गाडी, दोन्ही बाबतीत तुमचे मिस्टर बरोबर आहेत. आणि तरी मी म्हणेन की जा, आणि आई आहेत म्हणूनच जा. बीचवरच्या रिसॉर्टमध्ये पाण्यात न जाणाऱ्या माणसाला करायला काहीच नसतं, गेटच्या बाहेर पडलं की स्कूटर, टॅक्सी आणि दुकानं. तुम्ही बघितलेल्या त्या रंगीत घरांच्या वस्तीत, म्हणजे फोंताइन्हासमध्ये, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की रस्ता, समोर कोणाचं तरी घर, खिडकीत झाडं, पायरीवर मांजर, आणि नाही चालवलं तर बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचं, गल्ली आपोआप समोरून जात राहते. माझ्या सासूबाईंना मी नेलं होतं तेव्हा त्या तासन् तास अशाच बसल्या होत्या आणि शेवटी समोरच्या घरातल्या आजींशी कोकणी-मराठी मिसळून माशांच्या भावावर गप्पा चालल्या होत्या.

आता ती घरं अशी का आहेत ते थोडं सांगते, कारण रूम निवडायला त्याचाच उपयोग होतो. आल्तिनोची टेकडी आणि ओरें खाडी यांच्या मधली ही चिंचोळी पट्टी, अठराव्या शतकाच्या शेवटाला इथे माडांची बाग होती, आफ्रिकेत पैसा कमावून परत आलेल्या एका माणसाची, मोझांबिकवरून त्याला लोक मोसमीकार म्हणायचे. तिकडे जुन्या गोव्यात साथींनी माणसं मरत होती, शहर ओस पडत होतं, व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीला आदिलशहाच्या वाड्यात राहायला आला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. मग सरकारी अधिकारी, कारकून, वकील यांना घरं लागली आणि ती इथे उभी राहिली. म्हणजे ही भाटकारांची, गोव्यातल्या जमीनदारांची, ऐसपैस घरं नव्हेत, ती बघायची तर चांदोर-लोटलीला जायचं. ही शहरातली घरं, एकमेकांना भिंती लावून, दार थेट रस्त्यावर, मागे टेकडी. त्यामुळे पुढच्या खोल्यांना उजेड, वारा, बाल्कनी आणि रस्त्याचा आवाज, आणि मागच्या खोल्या शांत पण जरा काळोख्या आणि टेकडीच्या बाजूने थोडी ओल. दोन्हींचा भाव साइटवर बऱ्याचदा सारखाच दिसतो, म्हणून फोन करून विचारायचंच की रूम पुढची का मागची.

आईंसाठी तळमजला मागा, पण तळमजला म्हटलं की संपलं असं नाही हं. या घरांना जोतं असतं, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून, तेव्हा दारातच तीन-चार पायऱ्या येऊ शकतात. त्याहून महत्त्वाचं बाथरूम. जुन्या घरात खोलीला लागून बाथरूम कधीच नव्हतं, ते सगळं मागच्या अंगाला असायचं, हॉटेल करताना खोलीचा कोपरा कापून बाथरूम बसवलं जातं आणि खालून पाइप न्यायचा म्हणून फरशी उचलावी लागते, त्यामुळे खूप ठिकाणी बाथरूमला एक उंच पायरी असते, आणि रात्री झोपेत उठलेलं माणूस नेमकं तिथेच अडखळतं. दुसरं म्हणजे पलंग. चार खांबांचे जुने शिसवी पलंग दिसायला देखणे पण उंच, बसलं की पाय जमिनीला टेकत नाहीत, गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोज चढ-उतार म्हणजे शिक्षाच. म्हणून त्याच रूमचा व्हिडिओ मागवून घ्या, दारापासून बाथरूमपर्यंत चालत काढलेला, चांगला मालक असेल तर दोन मिनिटात पाठवतो, आणि जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊच नका. वरच्या मजल्याला लाकडी तक्तपोशी असेल तर डोक्यावर पावलं वाजतात, ज्यांची झोप सावध आहे त्यांनी तेही विचारावं. एसी, गीझर आणि लाइट गेल्यावर बॅकअप आहे का, हे विचारायला लाजू नका.

एवढं सगळं विचारून झालं की मग त्या घराची मजा. शिंपल्याच्या खिडक्या मिळाल्या तर सोडू नका! काच महाग होती त्या काळात लाकडी चौकटीत पट्ट्यापट्ट्या करून त्यात चपट्या शिंपल्यांचे तुकडे सरकवायचे, दोन-अडीच इंचांचे, कडा छाटून चौकोनी केलेले. जवळ जाऊन बघाल तर प्रत्येक तुकडा वेगळा, कुठे गुलाबी झाक, कुठे भुरकट, कुठे शिंपल्याच्या वाढीच्या बारीक रेघा दिसतात. सकाळी ऊन आलं की आतला उजेड साईच्या दुधासारखा होतो आणि बाहेरचं काही दिसत नाही, नुसत्या सावल्या सरकतात. आता असे शिंपले बसवणारे कारागीर थोडे राहिलेत, एक तुकडा फुटला की बऱ्याच घरांत तिथे काच येते, म्हणून मुलाला सांगून ठेवा की बोटाने दाबून बघायचं नाही.

हॉटेल कुठलं ते मी नाव घेऊन सांगत नाही, तुमचं बजेट तुम्हाला माहिती. पण दोन प्रकारची घरं असतात एवढं सांगते. एक रस्त्याकडे तोंड असलेलं, बाल्कनीचं, ख्रिस्ती कुटुंबाचं, दुसरं बाहेरून साधं आणि आत राजांगण, म्हणजे मधला उघडा चौक असलेलं, हिंदू कुटुंबाचं. पंजिम इन हे पहिल्या प्रकारचं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं घर, आणि त्याच लोकांचं पंजिम पौसाडा हे दुसऱ्या प्रकारचं, चौकाभोवती खोल्या. फरक कळावा म्हणून ही दोन नावं घेतली, त्या भागात इतरही बरीच आहेत. मला स्वतःला राजांगणाचं घर जास्त भावतं, आपल्या वाड्यांची सवय असेल म्हणून, पण आईंना माणसं बघत बसायला आवडत असेल तर बाल्कनीचं घ्या. कुठलंही घेतलं तरी गोव्याच्या पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का ते विचारा, १९८२ च्या कायद्याने ती लागतेच.

गाडी गल्लीत आणायच्या भानगडीत पडू नका. रस्ते अरुंद, बरेच वन-वे, सामान आणि आईंना दारात उतरवायचं आणि गाडी खाडीपलीकडे पाटोला पार्किंगमध्ये लावून यायचं. खरं तर ट्रेनने करमळीला उतरून टॅक्सी केली तर गाडीची गरजच नाही, कदंबाचा बसस्टँडही खाडी ओलांडली की आलाच.

आणि दिवसभर काय करायचं? आधी सकाळी लवकर उठायचं, कारण सायकलवर पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडून गरम पोळी घ्यायची (आपली पोळी नव्हे हो, कोंड्याचा गोल पाव) आणि हॉटेलच्या चहाबरोबर खायची. नाहीतर चर्च चौकाकडे चालत जाऊन कॅफे टाटो किंवा कॅफे भोसलेमध्ये भाजी-पाव आणि बन्स, तुमच्याकडे कोणी शाकाहारी असेल तर त्यांची चैन आहे. सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या चॅपेलमध्ये मुद्दाम आत जा, तिथला क्रूसावरचा ख्रिस्त डोळे उघडे आणि मान ताठ असलेला आहे, नेहमीसारखी मान खाली झुकलेली नाही. हा क्रूस आधी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या वाड्यात होता. ज्या खोलीत माणसांची चौकशी व्हायची तिथे हे डोळे समोर असायचे, हे मुलाला तिथे उभं राहून सांगा, पुस्तकातला धडा त्याला वेगळा वाटेल. दुपारी ऊन चढलं की पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालय, १८३२ मध्ये सुरू झालेलं, मराठी पुस्तकंही आहेत आणि थंडगार आहे. संध्याकाळी बेतीची फेरीबोट, चालत जाणाऱ्याला फुकट, मुलाला स्विमिंग पूलपेक्षा ती जास्त आवडेल असं माझं मत. तरी पूल हवाच असेल तर दोन रात्री इथे आणि दोन रात्री बीचकडे असं वाटून घ्या, मिस्टरांचंही मन राखलं जाईल.

जानेवारी छानच. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी हा चित्रपट महोत्सव असतो, डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव आणि मग नाताळ, तेव्हा पणजीत रूमचे भाव चढतात. कार्निवलचे दिवसही टाळा, आईंना गर्दी झेपणार नाही.

बेळगावहून एक वाचक :

ताई, माझं फेब्रुवारीत लग्न आहे. आम्हाला फोंताइन्हासमध्ये प्री-वेडिंग शूट करायचंय. फोटोग्राफर म्हणतो तिथल्याच एखाद्या बुटीक हॉटेलात एक रूम घ्या, कपडे बदलायला होईल आणि मग गल्लीत हवं तिथे शूट करता येतं, पहाटे कोणी अडवत नाही. बरोबर आहे का? माझ्या होणाऱ्या बायकोला जरा ऑड वाटतंय.

उत्तर :

तिचं ऐक. रूमचं भाडं भरलं म्हणजे त्या खोलीचं आणि फार तर हॉटेलच्या अंगणाचं भाडं भरलं, समोरच्या घराच्या भिंतीचं, पायरीचं आणि दाराचं नाही. त्या निळ्या भिंतीच्या मागे कोणीतरी झोपलेलं असतं. घर थेट रस्त्यावर आहे, मध्ये कंपाउंड नाही, त्यामुळे तू पायरीवर उभा राहिलास म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीच्या तोंडाशीच उभा राहिलास. पहाटे साडेसहाला रिफ्लेक्टर, स्पीकरवर गाणं, ‘सर थोडं डावीकडे’, आणि हे एकदा नाही, सीझनमध्ये रोज आणि एकामागून एक जोड्या. लोकांनी घरांवर फोटो काढू नका म्हणून पाट्या लावल्यात त्या शोभेच्या नाहीत. काही घरांतली म्हातारी माणसं दिवसा खिडकी उघडायची बंद झालीत, हे मी तिथे राहणाऱ्यांकडूनच ऐकलंय आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण ती उघडी खिडकी आणि त्यात बसलेलं माणूस यामुळेच तर ती गल्ली जिवंत आहे.

आणि तो रंग तुझ्या फोटोसाठी लावलेला नाही. पोर्तुगीज काळात दर पावसाळ्यानंतर घर रंगवायची सक्ती होती असं सांगतात, आज तसं काही नाही, घरमालक स्वतःच्या खिशातून करतो. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रंग टिकत नाही, कौलं शाकारावी लागतात, वासे बदलावे लागतात. त्या खर्चात शूटवाल्यांचा एक रुपया नसतो.

मग काय करायचं? दोन रात्री रहा तिथे, लग्नाआधी घरच्यांना चालत असेल तर, नाहीतर लग्नानंतर जा, ते जास्त छान. हॉटेलच्या मालकाला आधीच स्पष्ट विचार की आत, म्हणजे जिन्यात, राजांगणात, गच्चीवर शूट केलेलं चालेल का, किती वेळ, किती माणसं, वेगळे पैसे किती, आणि ते सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घे. बरेच जण आनंदाने देतात, आणि खरं सांगू, आतला उजेड बाहेरच्यापेक्षा कितीतरी सुंदर असतो. गल्लीत फिरताना मोबाइलवर एकमेकांचे दोन फोटो काढले तर कोणी काही म्हणत नाही, घराच्या दारात कोणी असेल तर हसून विचारायचं, हो म्हणाले तर ‘देव बरें करूं’ (कोकणीतलं धन्यवाद) म्हणायचं, नाही म्हणाले तरी म्हणायचं. ड्रोन मात्र अजिबात नको. आणि फोटोग्राफर ऐकत नसेल तर फोटोग्राफर बदल.

वाईहून एक वाचक :

आमचा जुना वाडा आहे, घाटापासून जवळ, मी आणि भाऊ दोघेही पुण्यात असतो, वाड्यात कोणी राहत नाही. पाडून बिल्डिंग करायची असं भाऊ म्हणतो. मला वाटतं पाच-सहा खोल्यांचं बुटीक हॉटेल करावं, पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी गर्दी इथूनच जाते. तुम्ही गोव्यातल्या अशा घरांबद्दल नेहमी लिहिता म्हणून विचारतोय, वाड्याचं हॉटेल होतं का? आधी काय करावं?

उत्तर :

होतं. आणि तुम्ही पाडायच्या आधी विचारलंत याचाच मला फार आनंद झाला. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघायला एवढे लोक जातात, पण वाईत वाड्यात राहायचं म्हटलं तर फारशी सोय नाही, मागणी नक्की आहे.

पण पैसे पहिल्यांदा कुठे घालायचे ते सांगते, कारण पणजीतली जी घरं हॉटेल होऊन नीट टिकली त्यांनी आधी छप्पर केलं आणि जी वर्षा-दोन वर्षांत पोपडे धरून बसली त्यांनी आधी रंग आणि फर्निचर केलं. छप्पर, मग पाणी जायची वाट, मग भिंती, मग बाथरूम आणि सगळ्यात शेवटी झुंबरं आणि पितळी समया. भिंतींना सिमेंटचा गिलावा कोणी सुचवला तर हात जोडून नाही म्हणा. दगड-मातीची किंवा पांढऱ्या मातीची जाड भिंत ओल शोषते आणि हळूहळू सोडते, चुना ती ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती आत कोंडतं, मग क्षार वर येतात, गिलावा फुगतो आणि आतली माती भुसभुशीत होते. चुन्याचं काम करणारे गवंडी मिळतात, शोधावे लागतात, वेळ आणि मजुरी जास्त लागते, पण त्याला पर्याय नाही. बाथरूम शक्यतो लाकडी मजल्यावर नकोतच, तळमजल्यावर किंवा मागच्या अंगाला नवीन बांधून एकाखाली एक आणा, म्हणजे पाइप एकाच ठिकाणी राहतो आणि गळलं तर लगेच दिसतं. वरच्या खोल्यांना बाथरूम देता येत नसेल तर खोल्या कमी करा, सहाच्या चार झाल्या तरी चालतील.

सुरुवात हॉटेलने करू नका. महाराष्ट्रात पर्यटनाची निवास-न्याहारी योजना आहे, घर म्हणूनच नोंदवून थोड्या खोल्या देता येतात, त्याची चौकशी करा, एक-दोन सीझन त्यावर चालवा, लोक येतात का, तुमच्यापैकी कोणी तिथे राहू शकतं का, हे कळेल. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे, मालक पुण्यात आणि वाडा नोकराच्या हाती असं केलं तर दोन वर्षांत त्याचं लॉज होतं. भावाशी बोलताना भावनेचं बोलू नका, बिल्डिंगमधून येणारे पैसे आणि चार खोल्यांचे दहा वर्षांचे पैसे असा हिशोब मांडून ठेवा, आणि दुरुस्तीचा खर्च त्यात खरा धरा, कमी नको. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नावं कोणाकोणाची आहेत ते आत्ताच बघून घ्या, जुन्या वाड्यांत बहुतेक कामं तिथेच अडकतात.

आणि आता जो पावसाळा येईल त्यात कोणीतरी आठवडाभर वाड्यात जाऊन राहा. कुठे गळतं, कुठून पाणी भिंतीत उतरतं, कुठली तुळई नरम झालीये तिथे खडूने खुणा करा, फोटो काढा, तारीख टाका. ते घेऊन जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या आर्किटेक्टकडे जा, उन्हाळ्यात कोरडा वाडा दाखवून कोणालाच खरा अंदाज देता येत नाही.